ब्लेझारची बदलती चमक आणि वर्णपट : एक अभ्यास

उन्हाळ्याच्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले असता सप्तर्षी ओळखता येत नाहीत, असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल. क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांच्या रेषेवरून ध्रुवतारा कसा शोधावा, हे येथे पाचव्या इयत्तेतच शिकविले जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड वस्त्यांतून आकाशाविषयीची माहिती गोळा केली. तीनुसार सप्तर्षींचा चौकोन म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवू पाहणारे चोर होत. म्हणजे आपल्या भागातील माणसांनी या ताऱ्यांवर फार पूर्वीपासून नजर ठेवलेली आहे.

याच ताऱ्यांच्या जवळ, साध्या डोळ्यांना मुळीच न दिसणारी एक वस्तू आहे. तिची चमक कधी महिन्यांत, कधी दिवसांत, तर कधी अर्ध्या तासात बदलते. तिच्याविषयी वर्गात सांगत असता एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "जे दिसतच नाही ते बदलले, हे कळते तरी कसे? आणि कळले म्हणणाऱ्यावर आपण विश्वास का ठेवायचा?" तासिकेत या प्रश्नाचे पुरते समाधान करणे आम्हांस साधले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. माजी विद्यार्थी, पालक व हितचिंतक यांनाही ते वाचनीय वाटेल, अशी आशा आहे.

तारा समजली गेलेली दीर्घिका

१९२९ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ कुनो हॉफमाइस्टर यांनी सरठ या तारकासमूहात चमक बदलणारा एक 'तारा' नोंदविला. रूपविकारी ताऱ्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यास बी. एल. लॅसर्टी असे नाव मिळाले. पुढे १९६८ साली त्याच जागेवरून प्रबळ रेडिओ लहरी येत असल्याचे ध्यानात आले. हा तारा नसून फार दूरच्या दीर्घिकेचे केंद्र आहे, हे यानंतर हळूहळू स्पष्ट झाले. अशा वस्तूंच्या वर्गास १९७८ साली एडवर्ड स्पीगल यांनी 'ब्लेझार' हे नाव सुचविले आणि तेच रूढ झाले.

ब्लेझार म्हणजे काय, हे थोडक्यात असे सांगता येईल. काही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्याची भोवती तबकडी बनते आणि तबकडीच्या काटकोनात, दोन विरुद्ध दिशांना, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे कणांचे झोत बाहेर पडतात. यांपैकी एक झोत योगायोगाने थेट पृथ्वीच्या रोखाने असेल, तर ती दीर्घिका आपणांस ब्लेझार म्हणून दिसते. विजेरी बाजूने पाहिली तर मंद दिसते आणि तोंडासमोर आली की डोळे दिपवते, तसाच हा प्रकार आहे. झोताचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ असल्यामुळे पुढच्या दिशेचा प्रकाश अनेक पट तीव्र होतो आणि त्यातील बदलही आपल्याला अधिक जलद घडल्यासारखे भासतात.

सप्तर्षी तारकासमूहातील आपल्या ब्लेझारचे नाव मार्कारियन ४२१ असे आहे. आर्मेनियाचे खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन मार्कारियन यांच्या यादीतील तो क्रमांक होय. ही दीर्घिका सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. १९९२ साली अमेरिकेतील व्हिपल दुर्बिणीने तिच्याकडून येणारे अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपले. आपल्या आकाशगंगेबाहेरून असे किरण येत असल्याचा तो पहिला पुरावा ठरला. या गॅमा किरणांचा एकेक प्रकाशकण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाच्या सुमारे चारशे अब्ज पट ऊर्जा घेऊन येतो.

हवेलाच यंत्राचा भाग करणारी दुर्बीण

गॅमा किरण वातावरण भेदून जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून कमी ऊर्जेचे गॅमा किरण उपग्रहावरून पाहावे लागतात. ११ जून २००८ रोजी प्रक्षेपित झालेली फर्मी ही अंतराळ दुर्बीण सामान्यतः दर तीन तासांत संपूर्ण आकाश न्याहाळते. तिच्या सूचीत पाच हजारांहून अधिक गॅमा-स्रोत असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक ब्लेझार आहेत.

अत्युच्च ऊर्जेचे किरण मात्र संख्येने इतके विरळ असतात की उपग्रहावरील लहान उपकरणात ते फारसे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वातावरणाचाच उपयोग करून घेतात. गॅमा किरण हवेच्या वरच्या थरांत शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण होते. त्यांच्यापासून पुन्हा गॅमा किरण, त्यांच्यापासून पुन्हा जोड्या, अशी साखळी वाढत जाते. या कण-वर्षावाचे गणित १९३७ साली होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडले. हे कण हवेतून, हवेतील प्रकाशाहून अधिक वेगाने जाताना निळसर प्रकाशाची झुळूक सोडतात. शोधकाच्या नावावरून तिला चेरेंकोव्ह प्रकाश म्हणतात. ती सेकंदाच्या अब्जांश भागांइतकाच वेळ टिकते. पण जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरते. त्या वर्तुळात कोठेही मोठा आरसा आणि वेगवान कॅमेरा असला की तो गॅमा किरण 'दिसला' असे समजावे.

या विद्येत महाराष्ट्रातील संस्थांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने राजस्थानात माउंट अबूच्या गुरुशिखरावर टॅक्टिक ही दुर्बीण उभारली. तिच्या चित्रण करणाऱ्या भागात ६० सेंटीमीटर व्यासाचे ३४ आरसे आणि ३४९ प्रकाशवेधक नळ्यांचा कॅमेरा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सातपुड्यातील पचमढी येथे दुर्बिणींचा एक संच चालविला. यात्रेमुळे विदर्भातील अनेक घरांना पचमढी ठाऊक असते. तेथे मार्कारियन ४२१ चीही निरीक्षणे झाली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. लडाखमधील हान्ले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, हगार हा सात दुर्बिणींचा संच २००८ पासून कार्यरत झाला. त्याच परिसरात भाभा केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण उभी असून तिचे उद्‌घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

या दुर्बिणींना काळोखी रात्र लागते. चंद्राच्या उजेडात चेरेंकोव्ह प्रकाशाची झुळूक बुडून जाते. त्यामुळे पौर्णिमा ही त्यांची सक्तीची सुट्टी असते.

चमक मोजणे म्हणजे मोजदाद करणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गॅमा किरणांच्या बाबतीत चमक म्हणजे ठराविक वेळात आलेल्या किरणांची संख्या होय. ही संख्या किती तुटपुंजी असते, याची कल्पना सहसा नसते. क्रॅब तेजोमेघ हा या शास्त्रातील प्रमाण स्रोत मानला जातो. त्याच्याकडे रोखलेल्या टॅक्टिक दुर्बिणीस तासाला साधारण नऊ-दहा गॅमा किरण मिळतात. त्याच तासाभरात विश्वकिरणांतील प्रोटॉनांमुळे झालेल्या हजारो वर्षावांच्या प्रतिमा कॅमेऱ्यात येऊन पडतात. गॅमा किरणाची प्रतिमा सडपातळ आणि स्रोताकडे रोखलेली असते; प्रोटॉनाची रुंद व वेडीवाकडी असते. या फरकाने निवड केली तरी धानात खडा राहावा तशा काही नको असलेल्या प्रतिमा उरतातच.

येथे एक साधा प्रयोग सांगतो. तो कोणत्याही घरी करता येईल. मोठ्या कागदावर शंभर समान चौकोन आखावेत आणि धानाचे सुमारे नऊशे दाणे वरून सारखे पसरतील असे टाकावेत. प्रत्येक चौकोनात सरासरी नऊ दाणे पडतील. पण प्रत्यक्ष मोजल्यास कोठे सहा, कोठे अकरा, कोठे चौदाही आढळतील. साधारण तीन-चतुर्थांश चौकोनांतील संख्या सहा ते बारा यांच्या दरम्यान असते. नऊचे वर्गमूळ तीन. म्हणून या संख्येची अनिश्चितता तीन धरतात. चौदा दाण्यांच्या चौकोनात काही विशेष घडले, असे कोणी म्हणणार नाही. काल नऊ गॅमा किरण आले आणि आज बारा आले, तर ब्लेझार उजळला असेही म्हणता येत नाही, त्याचे कारण हेच.

आणखी एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. दुर्बीण ब्लेझारकडे रोखली असता एका तासात निवडीतून १०० प्रतिमा उरल्या आणि रिकाम्या आकाशाकडे रोखली असता ९० उरल्या. फरक १० झाला. परंतु दोन्ही संख्यांची अनिश्चितता एकत्र केली, म्हणजे १९० चे वर्गमूळ घेतले, तर ती सुमारे १४ येते. दहाच्या फरकावर चौदाची अनिश्चितता असेल, तर त्या तासाने काहीच सिद्ध केले नाही. असेच २५ तास निरीक्षण केल्यास २,५०० आणि २,२५० या संख्या मिळतील. फरक २५० आणि अनिश्चितता ६९. म्हणजे फरक अनिश्चिततेच्या साडेतीन पटींहून जास्त झाला. आता त्यास काही अर्थ आला. याउलट ब्लेझार सहा पट उजळला, तर एकाच तासात १५० आणि ९० अशा संख्या मिळतात. फरक ६० आणि अनिश्चितता साडेपंधरा. येथे एका तासातच चौपट खात्री लाभते. शांत ब्लेझारसाठी पुष्कळ रात्री जागाव्या लागतात आणि भडक्याच्या वेळी एक रात्रही पुष्कळ सांगून जाते, ती याच हिशेबाने.

असा भडका फेब्रुवारी २०१० मध्ये मार्कारियन ४२१ ने दाखविला. त्या महिन्याच्या मध्यास त्याची अत्युच्च ऊर्जेची चमक क्रॅबच्या कित्येक पट झाली. माउंट अबूची टॅक्टिक आणि हान्लेचा हगार संच या दोहोंनी तो पाहिला. परदेशी दुर्बिणींनी आणि उपग्रहांनीही पाहिला. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या रचनेच्या यंत्रांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे केलेली मोजमापे जुळली, हा विश्वासाचा पहिला आधार होय.

अर्ध्या तासाने दिलेले माप

चमक बदलते, एवढे कळून काय उपयोग? उपयोग असा की, बदलास लागणारा वेळ हीच मोजपट्टी होते. मे १९९६ मध्ये व्हिपल दुर्बिणीने मार्कारियन ४२१ चा सुमारे अर्ध्या तासात चढून उतरलेला भडका नोंदविला. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. अर्ध्या तासात तो ५४ कोटी किलोमीटर जाईल. प्रकाश देणारा प्रदेश याहून फार मोठा असता, तर त्याच्या पुढच्या टोकाचा प्रकाश आधी आणि मागच्या टोकाचा उशिरा पोहोचून भडका पसरट झाला असता. तो पसरट झाला नाही. म्हणून तो प्रदेश त्या मापाच्या पलीकडे फारसा जाऊ शकत नाही. झोत आपल्याकडे धावत असल्यामुळे हे माप काही पटींनी, कदाचित दहा-वीस पटींनी, वाढवून घ्यावे लागते. तरीही ४० कोटी प्रकाशवर्षांवरील, कोणत्याही दुर्बिणीत ठिपक्याहून मोठ्या न दिसणाऱ्या वस्तूच्या आतील एका भागाचे आकारमान आपल्या सूर्यमालेशी ताडून पाहता आले. तेही केवळ घड्याळ आणि मोजदाद यांच्या बळावर!

चमक वाढते तेव्हा वर्णपट काय सांगतो?

दुसरी साक्ष वर्णपटाची. कमी ऊर्जेचे किरण किती आणि जास्त ऊर्जेचे किती, यांची वाटणी म्हणजे वर्णपट. ऊर्जा जसजशी वाढते तसतशी किरणांची संख्या झपाट्याने घटते. ही उतरण तीव्र असेल तर वर्णपट 'मृदू' आणि सौम्य असेल तर 'कठोर' म्हणतात.

समजा, शांत काळात ८० किरण कमी ऊर्जेचे आणि २० जास्त ऊर्जेचे आले; भडक्यात २४० आणि १२० आले. चमक ३.६ पट झालीच, पण जास्त ऊर्जेचे प्रमाण ०.२५ वरून ०.५० वर गेले. दोन्ही गुणोत्तरांची अनिश्चितता सुमारे ०.०६ आहे, म्हणून वर्णपट कठोर झाला, असे निःशंकपणे म्हणता येते. आता हेच आकडे दहापट लहान असते, म्हणजे आधी ८ व २ आणि नंतर २४ व १२, तर गुणोत्तरे तीच राहिली असती. परंतु अनिश्चितता जवळजवळ ०.२ झाली असती आणि तोच दावा करता आला नसता. गुणोत्तर एकच, पण एका ठिकाणी बोलण्याचा अधिकार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मौन हेच प्रामाणिक उत्तर आहे.

मार्कारियन ४२१ मध्ये 'उजळला की कठोर' हा कल अनेक भडक्यांत आढळला आहे. त्याचे कारण झोतातील इलेक्ट्रॉनांत शोधतात. झोतातील आघातांमुळे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग मिळतो. चुंबकीय क्षेत्रात फिरताना ते रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश देतात. त्यास सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. तेच इलेक्ट्रॉन समोर आलेल्या साध्या प्रकाशकणांना धडकून त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत उचलतात. म्हणून ब्लेझारच्या वर्णपटास उंटाप्रमाणे दोन वशिंडे असतात. नव्याने वेग मिळालेले इलेक्ट्रॉन वाढले की दोन्ही वशिंडे उंचावतात आणि जास्त ऊर्जेकडे सरकतात. अतिवेगवान इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा सर्वांत आधी गमावतात. म्हणून ओसरताना वर्णपट पुन्हा मृदू होतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना लाल, पिवळे, पांढरे होते आणि निवताना उलट क्रमाने जाते, त्याची येथे आठवण व्हावी. मात्र ब्लेझारचा प्रकाश उष्णतेचा नव्हे, एवढा भेद ध्यानी ठेवावा.

याचे ठळक उदाहरण मार्कारियन ५०१ या दुसऱ्या ब्लेझारने १९९७ साली दिले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बेपोसॅक्स उपग्रहाने पाहिले, तेव्हा त्याच्या पहिल्या वशिंडाचे शिखर नेहमीच्या जागेहून शंभर पटींपेक्षा अधिक ऊर्जेकडे सरकलेले होते. त्याच सुमारास माउंट अबूची टॅक्टिक दुर्बीण नवी होती. तिनेही त्या एप्रिल-मे महिन्यांत या ब्लेझारचे गॅमा किरण टिपले.

येथे एक शंका येईल. वाटेत तर काही होत नाही ना? होते. दूरच्या ब्लेझारचे अत्युच्च ऊर्जेचे किरण वाटेतील ताऱ्यांच्या प्रकाशाशी आदळून नाहीसे होतात आणि वर्णपट वरच्या टोकास खचतो. परंतु हे नुकसान काल आणि आज सारखेच असते. म्हणून एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झालेला बदल हा वाटेचा नसून खुद्द ब्लेझारचा असतो.

अजून न सुटलेला प्रश्न

सर्व ब्लेझार एकाच नियमाने वागत नाहीत. ३सी ४५४.३ हा ब्लेझार नोव्हेंबर २०१० मध्ये अत्यंत तेजस्वी झाला. परंतु फर्मीच्या निरीक्षणांत त्याची चमक जितकी बदलली, त्या मानाने वर्णपट फारच थोडा बदलला. त्याहून मोठे कोडे पीकेएस २१५५-३०४ याने घातले. जुलै २००६ मध्ये नामिबियातील हेस दुर्बिणींनी त्याची चमक सुमारे दोनशे सेकंदांत दुप्पट होताना पाहिली. वरीलप्रमाणे हिशेब केल्यास हे अंतर ६ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याहून कमी येते. सूर्याच्या शंभर कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्याच ३०० कोटी किलोमीटर असते आणि ती ओलांडण्यास प्रकाशाला पावणेतीन तास लागतात. मग मूळ यंत्राहून इतक्या लहान जागेतून असा भडका कसा उठतो? झोताचा वेग कल्पनेहून अधिक आहे काय, की झोताच्या पोटात लहान लहान झोत आहेत? संशोधकांनी निरनिराळी उत्तरे सुचविली आहेत. सर्वमान्य उत्तर अद्याप नाही.

आपल्या गच्चीवरून

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा दुसरा भाग होता, विश्वास का ठेवायचा? त्याचे उत्तर असे की, विश्वास ठेवण्याची सक्तीच नाही. फर्मी दुर्बिणीची मोजमापे सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. मुंबईतील संशोधकास जे आकडे मिळतात तेच लाखांदूरच्या मुलीसही संगणकावर मिळू शकतात. त्यांची तपासणी करण्यास लागणारे गणित वर दिलेच आहे. त्याची सुरुवात वर्गमूळापासून होते आणि वर्गमूळ आपण आठवीत शिकवितो. पालकांस आमची विनंती एवढीच की, घरी आलेल्या मुलाने धानाचे दाणे कागदावर पसरून मोजावयास घेतले, तर त्यास खेळ म्हणून रागावू नये.

येत्या १४ एप्रिलच्या रात्री, कार्यक्रम आटोपून सारे गच्चीवर जमतील तेव्हा, साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. क्रतू खाली आणि पुलह वर, अशी ती रेषा जवळजवळ उभी दिसेल. क्रतूपासून खाली, दोघांतील अंतराच्या पाच पट गेल्यास क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर ध्रुव सापडेल. आता उलट दिशेस वळावे. पुलहापासून वर, त्याच अंतराच्या साधारण साडेतीन पट गेल्यास डोळ्यांना काहीही न दिसणारी जी काळी जागा येते, तेथेच मार्कारियन ४२१ आहे. आजवर त्या रेषेचे एकच टोक आपण मुलांना दाखवीत आलो. यंदापासून दुसरेही दाखवू.